इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगची आयडिया फसली होती, कामाला आलं ते शेतकऱ्याच्या पोराचं डोकं

१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला आठवतो बालदिन. शाळेतली भाषणं, फॅन्सी ड्रेस आणि शेवटी वाटलेला खाऊ. पण त्याच दिवशी जगभर आणखी एक दिवस पाळला जातो, जागतिक मधुमेह दिन. तारीख एकच आली हा निव्वळ योगायोग. नेहरूंचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ चा, आणि त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, १४ नोव्हेंबर १८९१ ला, कॅनडातल्या एका शेतकऱ्याच्या घरी पाचवं पोर जन्माला आलं. त्याचं नाव फ्रेडरिक बँटिंग. इन्सुलिन शोधणारा बँटिंग तो हाच.

त्याची गोष्ट बहुतेकांना एवढीच माहीत असते की एका रात्री त्याला आयडिया सुचली, त्यानं कुत्र्यांवर प्रयोग केले आणि इन्सुलिन मिळालं. तसं झालं नव्हतं. जी आयडिया सुचली ती फारशी कामाला आलीच नाही. खरं कोडं वेगळं होतं. स्वादुपिंडातल्या ज्या बारीक पेशींमध्ये हे औषध तयार होतं, त्या आणायच्या कुठल्या जनावरातून? आणि याचं उत्तर सापडलं ते बँटिंग गुराढोरांत वाढला होता म्हणून.

आधी स्वादुपिंडाचं थोडं समजून घेऊ, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक लांबट ग्रंथी असते. अन्न पचवणारे रस बनवणं हे तिचं मोठं काम. हे रस एका नळीतून आतड्यात जातात. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी सशाचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्याला त्यात वेगळ्याच पेशींचे पुंजके दिसले, जशी समुद्रात छोटी छोटी बेटं असावीत तसे. ते कशासाठी आहेत हे त्याला सांगता आलं नाही. पुढे फ्रान्सच्या लागेस यांनी त्या पुंजक्यांना लँगरहॅन्सची बेटं असं नाव दिलं, ते आजही तेच आहे. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटं असतात, पण सगळी मिळून त्यांचं वजन अख्ख्या ग्रंथीच्या एक-दोन टक्केच भरतं.

१८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. कुत्र्याला चक्क मधुमेह झाला. म्हणजे शुगर ताब्यात ठेवणारं काहीतरी या ग्रंथीत बनतंय हे नक्की झालं. मग जगभरचे डॉक्टर मागे लागले. १८९३ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला एका डॉक्टरनं तर मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे एका पंधरा वर्षांच्या मधुमेही मुलाच्या कातडीखाली शिवले. मुलगा तीन दिवसांत गेला. कोणी जनावरांची ग्रंथी खायला घातली, कोणी तिचा अर्क काढून टोचला. कधी शुगर थोडी उतरायची, तर कधी रोगी तापानं फणफणायचा.

तोवर या रोगावर एकच इलाज होता, उपाशी ठेवणं. दहा-बारा वर्षांच्या पोरांना दिवसाला चारपाचशे कॅलरीवर ठेवायचं, म्हणजे मरण थोडं लांबेल. आईबापांनी पोराच्या हाताला काही लागू नये म्हणून घरातलं खाणं कुलपात ठेवायचं. आज टाइप वन मधुमेह म्हणतात तो झालेली मुलं वर्ष-दोन वर्षांत हाडांचा सापळा होऊन जात.

आता बँटिंगकडे येऊ.

ऑन्टारिओ प्रांतातलं अॅलिस्टन हे त्याचं गाव. घरची शेती, गाई, डुकरं, मेंढ्या. पोरगा अभ्यासात बेताचाच होता, पण कामाला वाघ. टोरोंटोला आधी आर्ट्सला गेला, पहिल्याच वर्षी गटांगळी खाल्ली, मग १९१२ मध्ये वैद्यकीला लागला. पहिलं महायुद्ध सुरू झालं म्हणून अभ्यासक्रम घाईनं उरकून त्यांची बॅच १९१६ च्या डिसेंबरात बाहेर काढली आणि सैन्यात धाडली. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या हातात घुसला. तशाही अवस्थेत तो जखमींवर उपचार करत राहिला. त्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला.

परत आल्यावर त्यानं लहान मुलांच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया शिकून घेतली, पण तिथं कायमची जागा काही मिळाली नाही. मग १९२० च्या जुलैमध्ये लंडन गाठलं. हे इंग्लंडमधलं नव्हे, ऑन्टारिओतलंच लंडन. घर घेतलं, पाटी लावली आणि पेशंटची वाट बघत बसला. जवळपास महिनाभर कोणी फिरकलंच नाही. पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर. जिच्याशी लग्न ठरलं होतं तिच्याबरोबरही बिनसत चाललेलं. पैसे हवेत म्हणून त्यानं तिथल्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीत अर्धवेळ शिकवायचं काम धरलं.

या शिकवणीनंच पुढचं सगळं घडवलं. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री तो एका लेक्चरची तयारी करत होता. विषय होता शरीरात साखरेचं काय होतं हा, आणि त्यातलं त्याला फारसं काही येत नव्हतं. झोपण्याआधी त्यानं शस्त्रक्रियेचं एक मासिक चाळलं. त्यात मोझेस बॅरन या डॉक्टरचा लेख होता. एका रोग्याच्या स्वादुपिंडाची नळी खड्यानं बंद झाली होती. त्यामुळे पाचक रस बनवणाऱ्या पेशी मरून गेल्या होत्या, पण बेटं मात्र शाबूत होती.

रात्री दोनच्या सुमारास बँटिंग उठला आणि वहीत चार ओळी खरडल्या. घाईत मधुमेहाचं स्पेलिंगही चुकवलं. विचार असा होता की कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधायची आणि काही आठवडे थांबायचं. पाचक रसाच्या पेशी मेल्या की उरतील नुसती बेटं. मग त्यांचा अर्क काढायचा. त्याला वाटत होतं की आधीचे लोक अख्खं स्वादुपिंड कुटतात, त्यात पाचक रस त्या नाजूक औषधालाच पचवून टाकतो, म्हणून कोणाला यश येत नाही.

ऐकायला पटतं की नाही? टोरोंटोचे प्राध्यापक जॉन मॅक्लिऑड यांना मात्र सहज पटलं नाही. ते या विषयातले जगभर नाव असलेले माणूस, आणि समोर बसलेला खेडवळ सर्जन, ज्यानं या विषयावरचे शोधनिबंधही धड वाचलेले नाहीत. पण त्यांनी हाकलून दिलं नाही. नळी बांधून अगदी आटलेलं स्वादुपिंड नीट तपासायचं काम कोणी मन लावून केलेलं नाही, आणि हा माणूस हातानं सर्जन आहे, हे त्यांनी ओळखलं. उन्हाळ्यात एक खोली, दहा कुत्रे आणि एक मदतनीस देऊ केला. मदतनीस कोण यासाठी दोन विद्यार्थ्यांत नाणं उडवलं गेलं. चार्ल्स बेस्ट जिंकला, क्लार्क नोबल हरला. नोबल आडनावाचा माणूस नोबेलच्या गोष्टीतून असा नाणेफेकीत बाहेर पडला.

१७ मे १९२१ ला काम सुरू झालं. वरच्या मजल्यावरची खोली, टोरोंटोचा उन्हाळा, कुत्र्यांचा वास आणि शस्त्रक्रियेचा अनुभव असूनही पहिल्या दोन आठवड्यांत दहांपैकी सात कुत्रे मेले. दिलेले कुत्रे संपले तसे हे दोघं गल्लीबोळांतून एक ते तीन डॉलर मोजून कुत्री आणू लागले, कुठून आणलीस हे न विचारता. हे काही अभिमानानं सांगायचं प्रकरण नव्हे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणारे लोक तेव्हाही टोरोंटोत होते, आणि पुढे बँटिंगला त्यांना तोंड द्यावं लागलंच.

जुलैच्या सुरुवातीला नळी बांधलेले कुत्रे पुन्हा उघडून बघितले तर बहुतेकांचं स्वादुपिंड जसंच्या तसं! नळी बांधायला वापरलेला तातीचा धागा आत विरघळून गेला होता. पुन्हा रेशमाच्या धाग्यानं बांधा, पुन्हा आठवडे मोजा. मॅक्लिऑड तोवर सुट्टीवर स्कॉटलंडला गेलेले.

अखेर ३० जुलैला एका कुत्र्याच्या आटलेल्या स्वादुपिंडाचा अर्क दुसऱ्या, मधुमेह केलेल्या कुत्र्याला टोचला. तासाभरात त्याची शुगर २०० वरून १२० वर आली. कुत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी मेला. पण शुगर उतरली होती हे खरं.

ऑगस्टमध्ये ब्याण्णव नंबरची एक कुत्री त्यांच्याकडे होती, पिवळसर कोली जातीची. स्वादुपिंड काढलेलं असूनही अर्काच्या जोरावर ती वीस दिवस जगली. बँटिंगच्या मागे मागे फिरायची, टेबलावर स्वतः उडी मारून बसायची. ती ३१ ऑगस्टला गेली तेव्हा बँटिंग एकटाच रडला. रोगी मरताना पाहूनही आपल्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, असं त्यानं नंतर स्वतःच लिहून ठेवलंय.

याच कुत्रीवर १७ ऑगस्टला एक गोष्ट घडली होती. त्या दिवशी त्यांनी नळी न बांधलेल्या, ताज्या, अख्ख्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला. तोही चालला, आणि चांगला चालला. म्हणजे नळी बांधायची गरजच नव्हती. बँटिंगच्या मूळ आयडियाच्या पायाखालची जमीन तिथंच सरकली होती, पण दोघांच्या लक्षात आलं नाही. ज्या कल्पनेपायी घरदार सोडलंय ती चुकलीय हे दिसायला वेळ लागतो. पुढच्या वर्षी केंब्रिजच्या एका शरीरक्रियाशास्त्रज्ञानं जाहीर लिहून हे दाखवून दिलं. स्वादुपिंडातला प्रथिनं पचवणारा रस आतड्यात गेल्यावरच जागा होतो, ग्रंथीत असताना तो निद्रिस्तच असतो. त्यामुळे ज्या भीतीपोटी नळी बांधायची ती भीतीच मुळात खोटी होती.

नोव्हेंबर उजाडला तेव्हा खरी अडचण समोर आली. एका कुत्र्याला थोडे दिवस जगवायचं तर दुसऱ्या कुत्र्याची नळी बांधून सात-आठ आठवडे थांबायचं, आणि त्यातून निघणारा अर्क चिमूटभर. एवढ्या हिशेबात एक कुत्रा धड जगत नाही, तिथं माणसांचं काय? औषध आहे, पण ते काढायला जनावर नाही, अशी गत झाली.

इथं अॅलिस्टनचं शेत कामाला आलं.

बँटिंगनं लागेस यांचं जुनं निरीक्षण वाचलं होतं. गर्भातल्या आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या स्वादुपिंडात बेटांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं. साधं कारण आहे. पोटातल्या पिल्लाला काही पचवायचंच नसतं, तेव्हा पाचक रसाचा कारखाना अजून उभा राहिलेला नसतो. म्हणजे नळी बांधून महिनोन्महिने थांबून जे करायचं होतं, ते निसर्गानं गर्भात आधीच करून ठेवलंय.

पण असे गर्भ मिळणार कुठं? प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला हे सुचलं नसतं. बँटिंगला माहीत होतं की शेतकरी गाय कत्तलखान्याला विकण्याआधी ती गाभण करून घेतात, कारण गाभण जनावर जास्त खातं आणि अंगानं भरतं. तेव्हा कत्तलखान्यात कापलेल्या गाईंच्या पोटात गर्भ सापडणारच, आणि ते टाकूनच दिले जातात. आपल्याकडच्या वाचकाला हे वाचताना कसंसं होईल हे मान्य, पण टोरोंटोत तो रोजचा व्यवहार होता.

बँटिंग आणि बेस्ट विल्यम डेव्हिस कंपनीच्या कत्तलखान्यात गेले आणि चार-पाच महिन्यांच्या आतल्या वासरांच्या गर्भांची स्वादुपिंडं काढून घेऊन आले. अर्क काढला, मधुमेही कुत्र्याला टोचला, शुगर उतरली. नळी नाही, आठवडे थांबणं नाही, आणि अर्क हवा तेवढा. या अर्काचा मोठा आधार मिळालेली मार्जोरी नावाची कुत्री, नंबर तेहतीस, स्वादुपिंड काढल्यावर सत्तर दिवस जगली.

मग पुढची पायरी. अर्क काढायला मिठाच्या पाण्याऐवजी अल्कोहोल वापरून पाहिलं. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना कळलं की अल्कोहोल वापरलं तर गर्भही लागत नाही. मोठ्या बैलाच्या किंवा गाईच्या साध्या स्वादुपिंडातूनही माल निघतो. तेव्हा कुठं जवळपास चार महिन्यांनी हे दोघं १७ ऑगस्टला जिथं होते तिथं परत पोचले. फरक एवढाच की आता कत्तलखान्याचं दार उघडलं होतं. रोज शेकडो जनावरं कापली जातात आणि त्यांची स्वादुपिंडं जवळपास फुकट मिळतात.

याच महिन्यात जेम्स कॉलिप हा तरबेज जीवरसायनशास्त्रज्ञ मदतीला आला. अर्कात अजून इतकी घाण होती की माणसाला टोचणं धोक्याचं होतं. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटो जनरल हॉस्पिटलात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग-बेस्टचा अर्क दिला गेला. मुलाचं वजन साधारण तीस किलो. शुगर ४४० वरून ३२० वर आली, पण टोचलं तिथं गळू झालं. थांबवावं लागलं. कॉलिपनं रात्रंदिवस खपून युक्ती शोधली. अल्कोहोलचं प्रमाण वाढवत नेलं की एका टप्प्यावर घाण बाजूला होते, आणि साधारण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं की औषधच खाली बसतं. २३ जानेवारीला तो शुद्ध अर्क लिओनार्डला दिला. शुगर ५२० वरून चोवीस तासांत १२० वर! पोरगं उठून बसलं. पुढे तो १९३५ पर्यंत जगला.

हे चालू असताना पडद्यामागे मारामारीची वेळ आलेली. कॉलिपनं आपली युक्ती सांगायला नकार दिला आणि बँटिंगनं त्याची गचांडी धरली. बेस्टनं सोडवलं. बँटिंगचा सगळ्यात मोठा राग मॅक्लिऑडवर होता. डिसेंबरात न्यू हेवनच्या परिषदेत बँटिंग बोलताना अडखळला, तेव्हा मॅक्लिऑड यांनी सूत्रं हातात घेतली आणि आपण सगळ्यांनी केलेलं काम अशा सुरात उत्तरं दिली. बँटिंगच्या मनात ते कायमचं बसलं. हा माणूस माझं काम ढापतोय. १९२२ च्या वसंतात त्याचं काम जवळपास बंद होतं आणि दारू पिणं वाढलं होतं.

मॅक्लिऑड यांच्यावर हा अन्याय होता असं माझं मत. कारण बेटांतूनच इन्सुलिन येतं, हे शंकेला जागा न ठेवता दाखवलं ते त्यांनीच, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेलं जनावर फार हुशारीनं निवडलेलं होतं. १९२२ च्या उन्हाळ्यात ते न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट अँड्र्यूजच्या समुद्री संशोधन केंद्रात गेले. काही माशांमध्ये, जसे अँगलर आणि स्कल्पिन, ही बेटं स्वादुपिंडात विखुरलेली नसतात तर वेगळ्या गाठीसारखी एकत्र असतात. चाकूनं सरळ काढून घेता येतात. मॅक्लिऑड यांनी बेटांचा वेगळा आणि पाचक भागाचा वेगळा अर्क काढला. बेटांच्या अर्कानं शुगर उतरली, दुसऱ्यानं नाही. बँटिंगला नळी बांधून जे वेगळं करायचं होतं, ते या माशांमध्ये निसर्गतःच वेगळं होतं. माशांपासून औषध काढायचा विचारही झाला, पण तेवढ्या गाठी गोळा करणं परवडणारं नव्हतं.

इन्सुलिन हे नावही याच बेटांवरून आलंय. लॅटिनमध्ये बेटाला इन्सुला म्हणतात.

औषध किती जोराचं आहे हे मोजायला ससे वापरले. उपाशी सशाची शुगर किती अर्कानं ठरावीक पातळीपर्यंत खाली येते यावरून युनिट ठरलं. आज इन्सुलिनच्या पेनवर जे युनिट फिरवून लावतात त्याचा उगम तिथं आहे.

मग मागणीचा पूर आला. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज ऑगस्ट १९२२ मध्ये टोरोंटोला आली तेव्हा जवळपास पंधरा वर्षांची होती आणि वजन वीस किलोच्या आसपास. बँटिंगच्या उपचारानं ती सावरली, लग्न झालं, मुलं झाली आणि १९८१ पर्यंत जगली. पण टोरोंटोला एवढं औषध बनवणं झेपेना. मधल्या काळात तर बनवायची रीतच हातातून निसटल्यासारखी झाली आणि काही आठवडे माल निघेना. शेवटी इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीला सोबत घेतलं. गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांच्या गाड्याच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या. त्या काळी साधारण २२५ ग्रॅम इन्सुलिनसाठी दोन टनांच्या आसपास स्वादुपिंडं लागत.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंट टोरोंटो विद्यापीठाला विकलं, प्रत्येकी एक डॉलरला. चिडखोर, संशयी, भांडकुदळ असा हा माणूस, पण पैशाच्या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही.

डेन्मार्कचे नोबेल विजेते ऑगस्ट क्रोघ १९२२ च्या शेवटी टोरोंटोला येऊन परवानगी घेऊन गेले. त्यांची बायको मारी स्वतः डॉक्टर आणि स्वतः मधुमेही. डेन्मार्कात डुकरांची कमी नव्हती. तिथं सुरू झालेली नॉर्डिस्क म्हणजे आजच्या नोव्हो नॉर्डिस्कचं एक मूळ. क्रोघ यांनीच नोबेलसाठी बँटिंग आणि मॅक्लिऑड यांची नावं सुचवली, आणि १९२३ मध्ये दोघांना मिळून ते मिळालंही. बँटिंग खूश व्हायच्या ऐवजी मॅक्लिऑडचं नाव ऐकून भडकला. नंतर त्यानं आपली अर्धी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लिऑड यांनी आपली अर्धी कॉलिपला. वैद्यकाचं नोबेल मिळवणारा सगळ्यात तरुण माणूस आजही बँटिंगच आहे. रोमानियात निकोलाय पाउलेस्कू यांनीही कुत्र्यांवर असाच अर्क वापरून १९२१ मध्येच निबंध छापला होता. त्यांच्या वाट्याला काही आलं नाही.

पुढची वीस वर्षं बँटिंगला फार मोठं काही सापडलं नाही. कोंबड्यांतल्या कॅन्सरवर काम केलं, खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या रोगावर काम करवून घेतलं. सरकारनं आयुष्यभराचं मानधन दिलं, १९३४ मध्ये सर ही पदवी मिळाली. पहिलं लग्न मोडलं, कोर्टकचेरी झाली, पेपरवाल्यांनी लाज काढली. त्याचा जीव रमायचा चित्रं काढण्यात. चित्रकार ए. वाय. जॅक्सन हा त्याचा जिवलग मित्र. १९२७ मध्ये दोघं बोटीनं उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात चित्रं काढायला गेले होते.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो वैमानिकांच्या आरोग्याच्या संशोधनात पडला. २० फेब्रुवारी १९४१ च्या रात्री न्यूफाउंडलंडहून इंग्लंडला निघालेल्या हडसन बॉम्बर विमानात तो बसला. इंजिन बंद पडलं आणि विमान मसग्रेव्ह हार्बरजवळ बर्फात कोसळलं. फक्त वैमानिक वाचला. बँटिंग दुसऱ्या दिवशी तिथंच गेला. वय एकोणपन्नास.

गाई-डुकरांचं इन्सुलिन त्याच्यानंतरही कित्येक दशकं जगभर चाललं, आपल्याकडेही. गाईचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा तीन अमिनो आम्लांनी वेगळं, डुकराचं फक्त एकानं, म्हणून ते माणसाला चालायचं. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि कत्तलखान्याची गरज हळूहळू संपली.

पण बेटांची गरज संपली नाही. १९६५ च्या सुमारास गिनीपिगच्या आणि १९६७ मध्ये पॉल लेसी यांनी उंदराच्या स्वादुपिंडावर कोलॅजिनेज नावाचं विकर टाकून बाकीचं मांस सैल केलं आणि जिवंत बेटं सुटी करून घेतली. बँटिंगनं रात्री दोन वाजता वहीत लिहिलं होतं ते नेमकं हेच, फक्त दोऱ्याऐवजी विकरानं. आजही मधुमेहाच्या प्रयोगशाळांत सर्वात जास्त वापरली जातात ती उंदरांचीच बेटं. एका उंदरातून ती काही शेच मिळतात, पण प्रयोगाला पुरतात.

माणसात बसवायची तर डुकराची बेटं पाहिली जातात. मोठ्या डुकराची बेटं फार ठिसूळ, सुटी करताना तुटून जातात. म्हणून शास्त्रज्ञ वळले ते नुकत्या जन्मलेल्या पिल्लांकडे आणि गर्भाकडे, जसा बँटिंग वासरांच्या गर्भाकडे वळला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये दहा मधुमेही रोग्यांच्या शरीरात डुकराच्या गर्भातली बेटं सोडली गेली. त्यांपैकी काहींच्या लघवीत पुढे कित्येक महिने डुकराच्या इन्सुलिनच्या खुणा सापडत राहिल्या, म्हणजे बेटं आत जिवंत होती. पण इंजेक्शन मात्र कोणाचंच बंद झालं नाही.